लाल दिवा काय सांगतो?
मोटारीची बॅटरी, तिचे रोग आणि निदानाचा इतिहास

पनवेल–मुंब्रा रस्त्यावर नावडे हे गाव आहे. जवळच तळोजा औद्योगिक वसाहत आणि कळंबोलीचा लोखंड बाजार असल्याने या रस्त्यावर ट्रक, टँकर आणि मोटारींची ये-जा अखंड चालू असते. एक्साइड कंपनीचा शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा कारखानाही तळोजा वसाहतीतच आहे. अशा रस्त्यांच्या कडेला ऑटो इलेक्ट्रिशियनची लहान दुकाने हमखास दिसतात. तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार बहुधा एकच असते, "डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागलाय, बॅटरी बदलून द्या."

या एका वाक्यात एक चुकीचे अनुमान दडलेले आहे. दिव्यावर चित्र बॅटरीचे असले तरी तो बॅटरीची प्रकृती सांगत नाही. मग तो काय सांगतो? तो कसा जन्माला आला, आणि आज त्याच्या जागी येणारे लांबलचक संदेश कितपत विश्वासार्ह आहेत? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला विद्युतशास्त्राच्या जवळजवळ दोनशे वर्षांच्या इतिहासातून जावे लागते. शाळेतल्या दहावीपर्यंतच्या भौतिकशास्त्राबाहेरचे फारसे काही त्यासाठी लागत नाही, ही शिक्षकांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे.

शिशाच्या दोन पत्र्यांपासून सुरुवात

व्होल्टाने इ.स. १८०० मध्ये आपला विद्युतघट जाहीर केला. त्यातली रसायने संपली की घट संपला. पुन्हा भरता येईल असा व्यवहारात टिकलेला पहिला घट गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनवला. शिशाचे दोन पत्रे, मध्ये विलगक, आणि हे सारे विरल सल्फ्यूरिक आम्लात बुडवलेले, अशी त्याची साधी रचना होती. १८८१ साली कामील फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडांचा लेप देण्याची युक्ती काढली आणि घटाची धारकता पुष्कळ वाढली. आजची मोटारीची बॅटरी तत्त्वतः हीच आहे.

घट वापरात असताना धन पट्टीवरील लेड डायऑक्साइड आणि ऋण पट्टीवरील शिसे या दोहोंचे लेड सल्फेट होते, आम्ल खर्ची पडते आणि पाणी तयार होते. उलट दिशेने विद्युतधारा सोडली की ही क्रिया उलटते. एका घटाचे विभवांतर सुमारे २.१ व्होल्ट. असे सहा घट एकसर जोडले की १२.६ व्होल्ट होतात. आपण ज्याला '१२ व्होल्टची बॅटरी' म्हणतो ती पूर्ण भरलेली व विश्रांती घेतलेली असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी भरलेली, आणि १२ च्याही खाली म्हणजे जवळजवळ उतरलेली.

सुरुवातीच्या मोटारी हँडल मारून चालू कराव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिला की हात मोडे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारींत १९१२ साली बसवला गेला आणि बॅटरी मोटारीचा अपरिहार्य भाग बनली. आपल्याकडे आजही लोक 'सेल्फ मारणे' म्हणतात, तो हाच सेल्फ-स्टार्टर. पण सेल्फ एका क्षणात शंभर-दीडशे अँपिअर धारा ओढतो. खर्च झालेला हा भार परत भरून काढण्यासाठी इंजिनावर पट्ट्याने फिरणारे जनित्र, म्हणजे डायनॅमो, आला. आणि डायनॅमो आल्याबरोबर नवा प्रश्न उभा राहिला : तो काम करतो आहे की नाही, हे चालकाला कसे कळावे?

काटा की दिवा?

या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. पहिले उत्तर अँपिअर मीटर. महायुद्धातल्या विलीज जीपच्या फळीवर तो होता. याच जीप गाड्यांची जुळणी महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. काटा अधिकच्या बाजूस असेल तर धारा बॅटरीत शिरते आहे आणि उणेच्या बाजूस असेल तर बॅटरीतून बाहेर जाते आहे. यात माहिती भरपूर, पण ती वाचणारा जाणता हवा.

दुसरे उत्तर दिव्याचे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने तेलाच्या दाबासाठी आणि डायनॅमोसाठी मीटरऐवजी दिवे बसवले. हळूहळू बहुतेक कारखानदारांनी हीच वाट धरली. ज्याला काटा वाचता येत नाही त्यालाही दिवा दिसतो, आणि तो स्वस्तही पडतो. मात्र मीटर 'किती' हे सांगतो, तर दिवा केवळ 'हो' किंवा 'नाही' एवढेच सांगतो. निदानाच्या इतिहासातली ही पहिली मोठी देवाणघेवाण होती. माहिती कमी करून सूचना ठळक केली गेली.

आता दिव्याची जोडणी पाहू. त्याचे एक टोक किल्लीच्या स्विचमधून बॅटरीच्या धन अग्राला आणि दुसरे टोक जनित्राच्या धन अग्राला जोडलेले असते. एवढ्यावरून पुढील तीन अवस्था विद्यार्थ्यांना स्वतः काढता येतील.

१. किल्ली फिरवली, पण इंजिन बंद आहे. एका टोकाला १२ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला जवळजवळ शून्य. विभवांतर आहे, म्हणून दिवा लागतो.

२. इंजिन चालू झाले. जनित्र सुमारे १४ व्होल्ट देऊ लागले, आणि बॅटरीच्या अग्रांवरही तेवढेच आले. दोन्ही टोकांचे विभव सारखे, म्हणून दिवा विझतो.

३. पट्टा तुटला किंवा जनित्र बिघडले. एका टोकाचे विभव पडले. दिवा पुन्हा लागतो.

म्हणजे दिवा मोजतो ते बॅटरी आणि जनित्र यांच्यातले विभवांतर. रस्त्यात तो लागला तर संशय आधी पट्ट्यावर, मग जनित्रावर, मग जोडणीच्या तारांवर घ्यावा. बॅटरी त्या वेळी ठणठणीत असू शकते. उलटपक्षी बॅटरी शेवटच्या घटका मोजत असेल, पण जनित्र १४ व्होल्ट देत असेल, तर दिवा खुशाल विझलेला राहील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ फिरणार नाही.

आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. किल्ली फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर गाडी निर्दोष आहे असे नव्हे. दिव्याचा बल्ब उडालेला असू शकतो, आणि मग तिसऱ्या अवस्थेत इशारा द्यायला कोणीच उरत नाही. इशारा देणाऱ्या साधनाचीच परीक्षा आधी व्हावी, म्हणून तो सुरुवातीला लागणे आवश्यक असते.

डायनॅमो गेला, अल्टरनेटर आला

डायनॅमोचा एक स्वभावदोष होता. इंजिन संथ चालले की तो पुरेशी वीज देत नसे. मुंबईसारख्या शहरात सिग्नलला थांबणाऱ्या गाडीत लाल दिवा मिणमिणे, तो त्यामुळे. अशा वेळी बॅटरीची वीज उलट डायनॅमोत जाऊ नये म्हणून 'कटआउट' नावाचा चुंबकीय स्विच लागे, आणि त्याची टोके घासून साफ करणे हे इलेक्ट्रिशियनचे नेहमीचे काम असे.

१९५० च्या दशकात सिलिकॉनचे डायोड स्वस्त होऊ लागले. मग प्रत्यावर्ती वीज निर्माण करून ती डायोडांनी एकदिश करणे परवडू लागले. क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट मोटारीत असा अल्टरनेटर बसवला, आणि पुढे तोच जगभर रूढ झाला. तो संथ गतीलाही वीज देतो. डायोड धारेला एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून कटआउटची गरज उरली नाही. बऱ्याच अल्टरनेटरांत लाल दिव्याला आणखी एक काम मिळाले. त्याच्यातून जाणारी लहानशी धारा फिरत्या वेटोळ्याला पहिले चुंबकत्व देते. तिथे बल्ब उडाला तर अल्टरनेटर जागाच होत नाही, असेही घडू शकते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली मोटार बाहेर पडली. तिथेच पुढे फियाट ११०० आणि १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' बनली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख असलेली ही गाडी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या पिढीच्या गाड्यांचे विजेचे दुखणे शोधायला एक टेस्ट लँप, एक हायड्रोमीटर आणि अनुभवी हात पुरत.

हायड्रोमीटर हे फार बोलके साधन होते. भरलेल्या घटातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२६ ते १.२८ असते, उतरलेल्यात ते १.१२ पर्यंत खाली येते. मिस्त्री सहाही घट तपासत असे. सगळे सारखेच उतरलेले आढळले तर बॅटरी चांगली आहे, तिला वीज मिळालेली नाही. पाच चांगले आणि एकच पडलेला असेल तर तो घट आतून निकामी झाला आहे. एका घटाचे २.१ व्होल्ट वजा झाले की बॅटरी १०.५ व्होल्टवर अडकते, हेही मग समजते. येथे निदान एका आकड्यावरून होत नसे, आकड्यांच्या तुलनेवरून होत असे. पुढे बंदिस्त बॅटऱ्या आल्या, पाणी घालण्याची कटकट गेली, पण ही खिडकीही बंद झाली. काही बॅटऱ्यांवर हिरवा डोळा असतो, पण तो सहांपैकी एकाच घटाची स्थिती दाखवतो.

धुरक्यातून जन्मलेला संगणक

यानंतरची क्रांती विजेच्या दुखण्यासाठी झाली नाही, ती हवेसाठी झाली. लॉस एंजेलिस शहरावर पसरणारे धुरके मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते, हे हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले. धूर आटोक्यात ठेवायचा तर इंजिनात इंधन आणि हवेचे प्रमाण सतत सांभाळले पाहिजे. ते काम संगणकाकडे गेले. पण गाडी जुनी झाल्यावर त्याचे संवेदक बिघडले तर? म्हणून कॅलिफोर्नियाने गाडीने स्वतःचे दोष स्वतः ओळखावेत, दिवा लावावा आणि दोषाचा क्रमांक साठवावा, असा नियम केला. त्याची सुधारित आवृत्ती १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना लागू झाली. तिच्यामुळे सोळा टाचण्यांचा एकच प्लग आणि दोषांचे सामाईक क्रमांक रूढ झाले. तत्पूर्वी १९८६ साली बॉश कंपनीने 'कॅन' ही व्यवस्था मांडली होती. तिच्यामुळे गाडीतील अनेक संगणक दोन तारांवरून एकमेकांशी बोलू लागले.

भारतात ही आत्मपरीक्षणाची सक्ती भारत स्टेज मानकांबरोबर आली. चारचाकींसाठी तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये, दुसरा एप्रिल २०१३ मध्ये लागू झाला. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा आले, तेव्हा दुचाकीही तिच्या कक्षेत आल्या. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था अशा मानकांच्या चाचण्यांचे एक प्रमुख केंद्र आहे.

आता इलेक्ट्रिशियनच्या हातात टेस्ट लँपबरोबर स्कॅनरही आला. स्कॅनर लावला की 'पी ०५६२' असा क्रमांक दिसतो. त्याचा अर्थ 'प्रणालीचे व्होल्टेज कमी'. हे कारण आहे की लक्षण? हे लक्षण आहे. संगणकाने आपल्या स्वतःच्या अग्रांवर व्होल्टेज मोजले आणि ते कमी भरले, एवढेच तो सांगतो. बॅटरी जुनी, पट्टा सैल, अल्टरनेटरचा डायोड गेलेला, अर्थची तार गंजलेली, यांपैकी काहीही असले तरी क्रमांक तोच येईल.

गंमत पुढेच आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेले की काही संगणक क्षणभर गप्प होतात. मग ब्रेकचा, स्टिअरिंगचा, एअरबॅगचा असे चार-पाच इशारे एकदम झळकतात आणि 'संपर्क तुटला' अशा नोंदी होतात. मालक घाबरतो. पण पाच स्वतंत्र यंत्रणा एकाच सकाळी बिघडण्यापेक्षा त्या सर्वांना वीज पुरवणारी एकच यंत्रणा बिघडली असण्याची शक्यता कितीतरी अधिक. ताप, अंगदुखी आणि डोकेदुखीवर तीन वेगळी औषधे न देता वैद्य जसा त्यांमागचा एक आजार शोधतो, तसेच इथे करायचे.

ओहमचा नियम रस्त्याच्या कडेला

खरे निदान होते ते ओहमच्या नियमाने. समजा सेल्फ १५० अँपिअर धारा ओढतो आहे. नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.००५ ओहम असेल तर आत ०.७५ व्होल्ट खर्च होतात आणि बाहेर ११.८ च्या वर मिळतात. जीर्ण बॅटरीत हा रोध ०.०३ ओहम झाला असेल तर ४.५ व्होल्ट आतच जिरतात आणि बाहेर उरतात जेमतेम ८.१. तोच सेल्फ मारण्यापूर्वी दोन्ही बॅटऱ्या मीटरवर १२.६ दाखवतील! म्हणून भार न टाकता केलेले मोजमाप फसवे असते. साधारणपणे सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या फार खाली जाऊ नये.

अर्थच्या तारेचेही असेच. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जाणाऱ्या जाड तारेच्या बोल्टवर गंज चढला आणि ०.०१ ओहम रोध आला, तर १५० अँपिअरला १.५ व्होल्ट तिथेच नाहीसे होतात. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत हा दोष मुळीच दुर्मीळ नाही, आणि तो काढायला सँडपेपरचा तुकडा पुरतो.

तिसरा दोष गळतीचा. गाडी बंद असतानाही घड्याळ, चोरघंटा आणि संगणकांची स्मृती थोडी वीज खात असतात. ही धारा ५० मिलिअँपिअर धरली तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने सुमारे पंधरा दिवसांत निम्मी उतरते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गाड्या आठवडेच्या आठवडे जागेवर उभ्या राहिल्या, तेव्हा अनेकांना याचा प्रत्यय आला. उतरलेल्या अवस्थेत बॅटरी दीर्घकाळ राहिली की पट्ट्यांवरील सल्फेटाचे मोठे, कठीण स्फटिक होतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. अशी बॅटरी मग खरोखरच निकामी होते.

ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट मिळवतात. १२ व्होल्टवर चालणारे टेपसारखे एखादे उपकरण दोहोंपैकी एकाच बॅटरीवर जोडले, तर ती सतत कमी भरलेली राहते आणि दुसरीवर जादा भरण्याचा ताण येतो. दोन्ही बॅटऱ्या मग वेगवेगळ्या रोगांनी खराब होतात. येथे दोष बॅटरीचा नसतो, जोडणीचा असतो.

म्हणून तपासणीचा क्रम असा असावा : विश्रांतीनंतरचे व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे व्होल्टेज, इंजिन चालू असतानाचे व्होल्टेज, अर्थच्या तारेवरील घट, आणि शेवटी बंद गाडीतील गळती. एक साधा मल्टिमीटर यातले बहुतेक सारे करू शकतो; गळतीसाठी तो एकसर जोडावा लागतो, आणि अशा वेळी सेल्फ कदापि मारू नये. अलीकडच्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी संगणक अल्टरनेटरचे व्होल्टेज मुद्दाम कमीअधिक करतो, त्यामुळे तिसरे मोजमाप एकदाच न घेता काही मिनिटे पाहावे.

चुकीच्या निदानाची किंमत

हे सारे जाणून घेण्याची गरज काय, असे कोणी विचारील. एक कारण रस्त्यावरचे आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग नावड्याशेजारच्या कळंबोलीहून सुरू होतो, तो ९४.५ किलोमीटर लांबीचा आहे. पावसाळी रात्री दिवे, वायपर, पंखा आणि इंजिन मिळून २० अँपिअर खात असतील आणि जनित्र बंद पडले असेल, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर पावणेदोन तास टिकते. प्रत्यक्षात ती बरीच आधी मान टाकते, कारण व्होल्टेज त्यापूर्वीच इतके घसरते की दिवे मंदावतात आणि इंजिन बंद पडते. हे बोरघाटात घडणे म्हणजे जिवाशी खेळ. काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. लाल दिव्याबरोबर तापमानाचा काटा चढू लागला तर पट्टा तुटला असे समजून तिथेच थांबावे.

दुसरे कारण अधिक व्यापक आहे. विनाकारण बदललेली प्रत्येक बॅटरी म्हणजे काही किलो शिसे. आज जगातील शिशाचा बहुतांश, सुमारे ८५ टक्के वापर बॅटऱ्यांसाठी होतो. शिशाचा पुनर्वापर उत्तम होऊ शकतो, परंतु तो योग्य भट्टीत झाला तर. उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसे वितळवले की त्याची धूळ आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते आणि मेंदूच्या वाढीवर घाला घालते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० सालच्या अहवालानुसार जगातील तीन मुलांमागे एका मुलाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे. त्याला अनेक गोष्टी कारणीभूत आहेत, पण बॅटऱ्यांचे बेकायदा वितळण हे त्यांतील एक मोठे कारण. भारतात जुन्या बॅटऱ्या परत घेण्यासंबंधी २००१ साली नियम झाले आणि २०२२ साली त्यांच्या जागी नवे नियम आले. नियम आवश्यक आहेतच. पण चांगली बॅटरी भंगारात न जाऊ देणे हा त्याआधीचा उपाय आहे, आणि तो निदानाच्या ज्ञानावर अवलंबून आहे.

विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या म्हणून हा विषय जुना होत नाही. त्यांतही संगणक, कुलपे आणि मुख्य बॅटरीचा स्विच चालवण्यासाठी बहुधा १२ व्होल्टची लहान बॅटरी असतेच. ती उतरली तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

वर्गात करून पाहा

लाल दिव्याचे तत्त्व टॉर्चच्या चार घटांवर दाखवता येते. दोन-दोन घटांच्या दोन माळा करा आणि त्यांची ऋण टोके एकमेकांना जोडा. दोन्ही धन टोकांच्या मध्ये टॉर्चचा बल्ब लावा. दोन्ही माळांत वीज असूनही बल्ब लागणार नाही. आता एका माळेतील एक घट काढून तेथे तार जोडा. बल्ब मंद पेटेल. घटात उलटी धारा जात असल्याने हे दोन-तीन सेकंदच करावे. 'यातली कोणती माळ बॅटरी आणि कोणती जनित्र?' असे मुलांना विचारावे. बल्बकडे पाहून ते सांगता येत नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात येईल. कोणती माळ कमी पडली ते कळण्यासाठी प्रत्येक माळ स्वतंत्रपणे मोजावी लागते, आणि गाडीच्या दोषाचेही तसेच असते.